त्या दिवशी आभाळ होतं

एस्तेर,

नवीन पास्टरनं मले वही आणून दिली अन म्हणाला, "बाबा, बाईंवर दोन पानं लिहा. मंडळीच्या पत्रकात छापू अन रविवारच्या प्रार्थनेत वाचून दाखवू." पह्यल्या पानावर त्यानं पेन्सिलीनं लिहूनही दिलं, काय काय पाहिजे ते. जन्म. शिक्षण. विवाह. सेवाकार्य. स्वभाव. मी म्हटलं, लेका, जन्म तं तिच्या मायलेही पक्का ठाऊक नव्हता, ज्वारीची कणसं निसवली होती एवढंच सांगे बुढी. अन स्वभाव लिवाले दोन पानं पुरत नाही. तो हासला. त्याले वाटलं, म्हातारा गंमत करून राह्यला.

मी गंमत करत नव्हतो. तुले माहीत आहे.

आज शनिवार. दुपारचे तीन वाजले असतीन. या टायमाले तू सुपात तुरीची डाळ घेऊन ओसरीत बसायची अन मी अंगणातल्या शेवग्यापासून दारापर्यंत चकरा मारायचो. तू पवित्र शास्त्रातला उतारा वाचायची, मी मागून म्हणायचो. मी चौथी शिकलेला, तू सातवी. लोक म्हणत, "काय बाबाचं पाठांतर! कागदाले हात लावत नाही." हात कसा लावीन? जोडाक्षर आलं का माही गाडी चिखलात फसे. तू डाळीतले खडे निवडता निवडता माहे शब्दही निवडायची. "हे नका म्हणू, ही बढाई झाली." "हे मागच्या महिन्यात सांगतलं तुमी." "इथं थांबा जरा, लोकाइले दम खाऊ द्या." बत्तीस वर्षं मी जे बोललो त्यातलं अर्धं तुहं होतं. अन जे अर्धं माहं होतं तेच जास्त लांब होतं.

हे आजवर कोणाले सांगतलं नाही. आता सांगून राह्यलो, कारण हे मी उद्या मंडळीपुढं उभा राहून वाचणार आहे. पास्टर नाही, मी. अकरा वर्षं झाली मी सेवा सोडून. अकरा वर्षांत तिथं उभा राह्यलो नाही. उद्या राहतो. एक गोष्ट तिथं पडून आहे, ती उचलल्याशिवाय मले तुह्या मातीपाशी जाता येत नाही.

बाभुळगावचा माहा पह्यला उपदेश आठवतो का तुले? लग्नाले दोन महिने झाले होते. लोक म्हणे पंधरा मिनटं बोला. मी सव्वा तास बोललो. लेकरं रडली, एक म्हातारी पेंगून लवंडली ती आमेनपर्यंत उठलीच नाही, मले वाटलं पवित्र आत्मा उतरून राह्यला. परतताना तू सायकलच्या कॅरिअरवर. निम्मा रस्ता संपेपर्यंत तू एक शब्द काढला नाही.

मंग म्हटलं, "झालं का तुमचं?"

"काय?"

"मले वाटलं अजून बोलून राह्यले."

मी सायकल थांबवली. राग आला होता. तू खाली उतरली, पदर सारखा केला अन म्हणाली, "पुढच्या टायमाले मी बायाइकडं तिसऱ्या रांगेत बसीन. मांडीवर पुस्तक उघडं राहीन. मी पुस्तक मिटलं का समजा, लोकाइचं पोट भरलं. आमेन म्हणा अन बसा खाली."

"अन नाही बसलो तं?"

"मंग घरी चूल पेटणार नाही."

तसं ठरलं. तीन लेकरं झाली, दोन सायकली झाल्या, बदल्या झाल्या, पण ते मोडलं नाही. तू काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र मिटलं का मी दोन मिनटात गाडी गावात आणून उभी करायचो. एकदा मारेगावच्या मेळाव्यात दहाच मिनटात मिटलं. एवढे लोक जमलेले, मी भारी तयारी करून गेलेलो! घरी येऊन भांडलो तुह्याशी. तू म्हटलं, "दहा मिनटातच खरं बोलून झालं होतं तुमचं. पुढं तुमी नुसते उभे होते."

लोकाइले वाटे बाई भक्तिभावानं पुस्तक मिटते.

आता धुरपताचं सांगतो. नवीन मंडळीले ती माहीत नाही. जुन्याइले माहीत आहे, ते आता मान खाली घालतीन.

धुरपता आर्णीकडच्या तांड्यातली. जवानीत नवरा गेला, कडेवर पोरगी घेऊन आपल्या गावात कापूस वेचाले आली अन इथंच राह्यली. तू तिले अक्षरं शिकवली. बाप्तिस्मा मी दिला नाही, मोठ्या पाळकानं दिला, पण तिले मंडळीत आणलं तू. चर्चच्या कडुलिंबाले रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच आपली घंटा. ती धुरपता वाजवे. तिच्यासारखी कोणी वाजवली नाही. तीन ठोके सावकाश, मंग एक थांबून. कोसभर वावरातल्या माणसाले कळे का आज रविवार आहे. तू अन ती जशा दोघी बहिणी. तिच्या बोलीतले दोन शब्द तू उचलले होते, कोणी दारात आलं का म्हणायची, "आव, बेस," म्हणजे ये, बस. ती पोट धरून हासे तुह्या उच्चारावर.

तिची पोरगी मीरा मोठी झाली. तांड्यातल्या बापाच्या भाऊबंदाइनं पोरगं पाह्यलं. लग्न तांड्यात, तांड्याच्या रीतीनं, देवीपुढं. धुरपता माह्याकडं आली. दारातच उभी राह्यली.

"बाबा, पोरीले तिच्या बापाची माणसं भेटून राह्यली. नाही कसं म्हणू?"

मी म्हटलं, "नाही म्हण. तोंड आहे ना?"

"पोरगी खुश हाये."

"खुशी पाहून देव बदलत नाही धुरपता."

मी मोठा बोलणारा. तीन रविवार मी वरून सांगतलं का आपल्या मंडळीतलं कोणी त्या लग्नाले जाणार नाही. जो जाईन त्यानं पुढच्या रविवारी मले तोंड दाखवू नये. कोणी गेलं नाही. मले बरं वाटलं. एवढ्या मोठ्या मंडळीत माह्या शब्दाले वजन आहे असं वाटलं. आज हे लिवाले लाज वाटते, पण तेव्हा छाती फुगली होती.

लग्न शुक्रवारी होतं. गुरुवारी तू म्हणाली, "बहिणीकडं जातो आर्णीले. तिचं अंग बरं नाही." मी म्हटलं जा. शनिवारी दुपारी तू आली अन डोकं दुखते म्हणून आडवी झाली. सूप भिंतीलेच राह्यलं. त्या शनिवारी मी एकट्यानं तयारी केली. पह्यल्यांदा. शेवग्यापासून दारापर्यंत, दारापासून शेवग्यापर्यंत. अन एक वाक्य सापडलं मले. ते वाक्य माहं होतं एस्तेर, पूर्ण माहं. त्यात तुहा एक शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी धुरपतानं घंटा वाजवली, जशी वाजवे तशीच. अन मागं दारापाशी येऊन बसली. मी वीस मिनटं ठीक बोललो. मंग ते वाक्य काढलं.

"जी बाई घंटा वाजवून साऱ्या गावाले आत बोलावते, तिचंच घर बाहेर चाललं!"

आमेन आला. एवढा मोठा आमेन मले कधी मिळाला नव्हता. साऱ्या माना दाराकडं वळल्या.

तू पुस्तक मिटलं.

मी पाह्यलं. मी ते वीस वर्षं नाही म्हणत आलो, पण मी पाह्यलं. अन नुसतं पुस्तक नाही पाह्यलं. काळ्या पुठ्ठ्यावर तुहा हात होता अन नखाच्या कोपऱ्यात हळद होती. तू राखेनं घासली असशीन, लिंबानं घासली असशीन, पण नखातली हळद दोन दिवसात निघत नाही. तू कोणत्या आर्णीले गेलती ते मले त्या नखात दिसलं. सारी मंडळी माह्या शब्दात राह्यली अन माह्याच घरानं तो शब्द मोडला. पोरीले हळद लावून आली तू अन इथं तिसऱ्या रांगेत बसून मले थांब म्हणून राह्यली.

मी थांबलो नाही. तेच वाक्य मी दुसऱ्यांदा म्हटलं. जोरानं म्हटलं. अन मंग आणखी अर्धा तास बोललो, काय बोललो ते लिवत नाही, ज्याइनं ऐकलं त्याइले आठवत असीन.

पह्यल्यांदा मी धुरपताले बोललो होतो. दुसऱ्यांदा तुले बोललो. पण तुह्याकडं पाहाची माही हिंमत नव्हती, तोंड दाराकडंच होतं. म्हणून दोन्ही वेळी लागलं तिलेच.

ती रडली नाही. उठली अन पायरीवर जाऊन उभी राह्यली. उपासना सुटल्यावर शेवटची घंटा वाजलीच नाही. लोक बाहेर आले तं घंटेचा लोखंडी दांडा पायरीवर ठेवलेला अन धुरपता गेलेली. महिन्याच्या आत तिनं खोली सोडली अन तांड्यात गेली.

त्या दुपारी तू मले जेवाले वाढलं. चूल पेटली होती. मले त्याचीच जास्त भीती वाटली. वाढता वाढता तू म्हणाली, "मी पुस्तक मिटलं, ते दिसलं नाही का तुमाले?"

मी म्हटलं, "पूर्वेच्या खिडकीतून ऊन येऊन राह्यलं होतं डोळ्यात."

"बरं," तू म्हटलं.

हळदीचं मी इचारलं नाही. तू सांगतलं नाही. दोघाइनंही आपापली मूठ झाकून ठेवली.

पुढच्या रविवारी तू तिसऱ्या रांगेत नव्हती. मी उभा राह्यलो अन पाहतो तं तुही जागा खाली. तू खांबामागं जाऊन बसली होती. चर्चमध्ये एवढा एकच जाड खांब अन त्याच्याच मागं. मले तुह्या लुगड्याचा काठ दिसे, हात दिसत नव्हते. घरी आल्यावर म्हटलं, तिथं काहून बसली? तू म्हटलं, "वारा लागते तिसऱ्या रांगेत." मी ऊन सांगतलं, तू वारा सांगतला. नऊ वर्षं तू त्या खांबामागं बसली.

अन दर महिन्याले तू आर्णीच्या बसमध्ये बसायची. म्हणायची बहिणीकडं जातो. बहीण मरून गेली तरी तुहं आर्णीले जाणं काही थांबलं नाही! येताना पिशवीत अंबाडीची भाजी असे. तुह्या बहिणीच्या घरी मातीची कुंडीही नव्हती, अंबाडी कुठून येईन? मले कळत होतं कोणाच्या वावराच्या धुऱ्यावरची आहे. ज्वारीच्या कण्या टाकून तू ती करायची, वरून लसणाचं तेल. मी दोनदा मांगून खायचो अन इचारायचो नाही. एकदाच तू म्हटलं, "आवडली का?" मी म्हटलं, "आंबट आहे." एवढंच आपलं धुरपतावर बोलणं झालं वीस वर्षांत.

मले तुह्यावर राग आहे एस्तेर. मेलेल्या माणसावर करू नये म्हणतात, पण आहे. तू काहून भांडली नाही? एवढ्या तेवढ्यावर भांडणारी बाई तू, मिठावरून भांडायची, छत्री हरवली म्हणून आठ दिवस भांडली. त्या दिवशी तू माहं गचांडं धरून म्हटलं असतं का लबाडा, तू पाह्यलं होतं, तं मी त्याच दिवशी मोडलो असतो. तू बरं म्हटलं. तुह्या त्या बरंनं मले वीस वर्षं उभं ठेवलं.

लोक समजतात मी सेवा सोडली ती कमिटीवर रागावून. कमिटीले डिग्रीवाला पास्टर पाहिजे होता, मी बिनडिग्रीचा प्रचारक. कोणी म्हणे गुडघे गेले. गुडघे तं अजून आहेत. खरं कारण हे का मले थांबवणारं कोणी राह्यलं नव्हतं. तू खांबामागं गेल्यापासून माहा उपदेश वाढत गेला, चाळीस मिनटं, तास, सव्वा तास. बोलता बोलता मी खांबाकडं पाहो अन तिथून काही येत नसे, म्हणून आणखी बोलो. शेवटी एका रविवारी मागून एक म्हातारबा ओरडला, "बाबा, बस करा ना आता! माही आर्णीची गाडी चुकते." सारे हासले. तेव्हाही मी खांबाकडंच पाह्यलं. लुगड्याचा काठ हालला नाही. सोमवारी मी चिठ्ठी लिहून दिली. तुले इचारलंही नाही. तू चहा ठेवला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी खाली गड्याइमध्ये बसलो. माह्या जागी आलेला पोरगा उपदेशाले उभा. अन मी पाह्यलं, तू खांबामागून उठली अन तिसऱ्या रांगेत, आपल्या जागेवर येऊन बसली. मी खाली बसल्यावर तू बाहेर आली. मले ते लागलं. पण लाजही वाटली, कारण बरंही वाटलं. त्या पोरानं पाऊण तास लावला तं तुहा हात आपोआप पुठ्ठ्याकडं गेला. त्या बिचाऱ्याले काय माहीत! तू माह्याकडं पाह्यलं अन ओठ दाबला. नऊ वर्षांत पह्यल्यांदा आपण हासलो, एवढ्या लोकाइमधून, एक या टोकाले, एक त्या टोकाले.

त्या दिवशी तरी खरं ते म्हणाले पाहिजे होतं मी. नाही म्हटलं. वाटलं, आता जमलंच आहे तं कायले उकरून काढू.

बत्तीस वर्षं बोललो मी. लग्नं लावली, माती दिली, उन्हातान्हात गावोगाव फिरलो. त्यातलं कोणाले काय आठवते? तुह्या मातीच्या दिवशी एक जण माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखं बोलणारा आता नाही. तुमचं ते घंटेवालं काय वाक्य होतं! अजून अंगावर काटा येते." तुही पेटी अजून उघडी होती. मले वाटलं तू आतून ऐकून राह्यली.

दवाखान्यातलं सांगतो, कारण तिथंच आपलं अर्धं राह्यलं. यवतमाळात, तिसऱ्या दिवशी, सकाळी. आपली पोरगी चहा आणाले खाली गेलती. तू माह्याकडं पाह्यलं अन म्हटलं, "आता तरी सांगा. त्या रविवारी तुमाले दिसलं होतं ना?"

वीस वर्षांत दुसऱ्यांदा इचारलं तू. मी तुह्या हाताकडं पाह्यलं, त्यात सुई लावलेली होती, नखं पांढरी पडली होती. अन माह्या तोंडातून तेच निघालं. प्रचारकाचं तोंड आहे, पाठ झालेलं तेच म्हणते.

"ऊन होतं वं डोळ्यात."

तू डोळे मिटले. म्हणाली, "त्या दिवशी तं आभाळ होतं."

अन भिंतीकडं तोंड केलं. होतं आभाळ. वैशाखात शुक्रवारपासूनच अवकाळी आभाळ दाटलं होतं, मीराच्या मांडवावर थेंबही पडले असतीन, ते तुले माहीत, तू तिथं होती. माह्या लबाडीले ऊन पाहिजे होतं अन त्या रविवारी ऊनच पडलं नव्हतं, हे तू वीस वर्षं मनात ठेवलं. मी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पोरगी चहा घेऊन आली. संध्याकाळपर्यंत तुहं बोलणं बंद झालं अन दुसऱ्या दिवशी तू गेली.

मातीच्या वेळी धुरपता आलती. कबरस्थानाच्या फाटकाबाहेर उभी होती, आत आली नाही. सारे लोक निघाल्यावर आली, मूठभर माती टाकली, काहीतरी बोलली तुह्याशी अन माह्याकडं न पाहता निघून गेली. मी फाटकापाशीच होतो. माह्यानं आवाज दिल्या गेला नाही.

म्हणून मंगळवारी मी तांड्यात गेलो. एकटा, बसनं. ती अंगणात तुरीच्या शेंगा झोडत होती. केस पांढरे झाले तिचे. मले पाह्यलं, काठी थांबवली नाही.

"प्रचारकबाबा? रस्ता चुकले का?"

"तुह्याकडंच आलो."

"बाई होती तवा नाही आले. आता आले."

मी उभाच. ती बसा म्हणाली नाही, पाण्याचंही इचारलं नाही. तांड्यात दारात आलेल्या माणसाले पाणी न इचारणं काय असते ते तुले माहीत आहे.

मी म्हटलं, "धुरपता, त्या रविवारी मी जे बोललो..."

"मले पाठ हाये ते. सांगू म्हणून?"

"दुसऱ्यांदा म्हटलं ते तुले नव्हतं म्हटलं. मी एस्तेरच्या नखात हळद पाह्यली होती. तो राग तिच्यावर होता."

आता काठी थांबली. तिनं घाम पुसला अन म्हणाली, "तेही माहीत हाये. बाई पह्यल्याच महिन्यात येऊन अथी, याच अंगणात, रडली. म्हणे, धुरपता, ते माहं होतं, तुले लागलं. त्याइनं माहे हात पाह्यले."

एस्तेर, मी तिथंच शेंगाच्या ढिगापाशी बसलो. म्हणजे तुले माहीत होतं. पह्यल्या दिवसापासून. खिडकी, ऊन, सारं माहीत होतं.

"मंग तिनं मले काहून नाही म्हटलं?"

"तुमच्या तोंडातून निंगाची वाट पाहे ना बाई! दर वर्षी म्हणे, यंदा म्हणतीन. मी म्हणो, बाई, त्याइले बोलाले सांगा, दिवसभर बोलतीन. एवढं एक नाही बोलणार."

मी म्हटलं, "मी माफी मांगाले आलो."

तिले राग चढला. त्या दिवशी पायरीवर चढला नव्हता तो तिथं चढला. "कोणापुढं मांगता? अथी कोण ऐकून राह्यलं, ह्या बकऱ्या? बोलले ते साऱ्या मंडळीपुढं अन माफी मांगता माह्या अंगणात! माही पोरगी सासरी जाऊन आठ दिवस झाले नव्हते, तिच्या कानावर गेलं ते. माय आता चर्चमधून बी गेली म्हणून ती रडली. जिथं टाकलं तिथूनच उचला, बाबा."

"उचलतो. रविवारी तिच्या नावानं प्रार्थना आहे. येशीन?"

"ते नाही सांगत."

मी उठाले गेलो. गुडघ्यानं उठू दिलं नाही. तेव्हा ती आत गेली, लोट्यात पाणी घेऊन आली अन माह्यापुढं धरलं. मी प्यालो. मंग म्हणाली, "आव, बेस." तुह्यासारखीच म्हणाली, का तू तिच्यासारखी म्हणत होती, आता कोण सांगीन. निघताना अंबाडीची जुडी हातात दिली. "दोनदा मांगून खाता म्हणे. आता आपल्याच हातानं न्या."

हे एवढं आता संध्याकाळी पास्टरले वाचून दाखवलं. पोरगा चांगला आहे, घाबरला. म्हणे, "बाबा, बाई खोटं सांगून लग्नाले गेल्या, हे मंडळीत कसं वाचाचं? लोक काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "म्हणतीन का प्रचारक लबाड होता. त्यात खोटं काय?"

"पत्रकात मी फक्त प्रेमळ होत्या एवढं छापतो."

"छाप. बाकीचं मी उभा राहून वाचतो."

त्यानं वहीची पानं चाळून मोजली. मंग म्हणाला, "किती वेळ लागीन बाबा?"

"ते तिलेच माहीत असे," मी म्हटलं.

आपली पोरगी मारेगावले, तिच्या घरी, चला म्हणून मागं लागली आहे. रविवार झाल्यावर पाहू म्हटलं. उद्या मी वर चढणार नाही, खाली सतरंजीवर उभा राहीन. तुहं काळं पुस्तक तिसऱ्या रांगेत तुह्या जागेवर उघडं ठेवीन. तिथं कोणी येऊन बसलं तं बसलं. नाही तं जागा आहेच.

मंडळीनो, धुरपताचं काही चुकलं नव्हतं. तिनं पोरीले तिच्या बापाची माणसं दिली. ते वाक्य मी परत घेतो. ज्याइनं त्याले आमेन म्हटलं होतं त्याइनं आपलं आपण पाहावं.

अन एस्तेर, तू दोनदा इचारलं होतं. त्या दिवशी ऊन नव्हतं. आभाळ होतं. मी पुस्तक पाह्यलं, तुहा हात पाह्यला, नखं पाह्यली, अन तरी बोलत राह्यलो.

झालं माहं. आता मिट पुस्तक.